वरचं खातं

दुसरा पूल ओलांडेपर्यंत जॉबर तीनदा दिव्याच्या खांबावर आपटता आपटता वाचला होता. तिन्ही वेळा धाकटीनेच त्याला बाहीला धरून ओढलं. चौथ्यांदा मात्र ती वैतागली.

"भाऊजी, समोर बघून चाला की. माझ्या तोंडाकडे काय बघताय?"

"तोंडाकडे नाही गं," जॉबर म्हणाला. "हाताकडे."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ताईबरोबर तो असाच चालायचा. ताई, म्हणजे धाकटीची मोठी बहीण आणि जॉबरची बायको, जन्मापासून बहिरी. त्यामुळे नवराबायकोचं सगळं बोलणं हाताने. चालता चालता हाताने बोलायचं तर एकाने हातांकडे बघायचं आणि एकाने रस्त्याकडे, आणि त्या दोघांत रस्ता ताईच्या वाट्याला आला होता. ती बोलायचीही, खड्डेही चुकवायची आणि खांब आला की कोपराने ढोसून नवऱ्याला वळवायचीही. ताईला जाऊन तीन आठवडे झाले होते. जॉबरची मान अजून वळलेलीच होती.

धाकटीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ती खांबांच्या बाजूने चालू लागली. तिचे स्वतःचे हात मात्र मुके होते. एवढं सगळं आयुष्य बहिणीबरोबर काढूनही तिला खुणा यायच्या चारच. ये, जेव, झोप आणि लाज वाटत नाही का. चारही आईने काढलेल्या आणि चौथी सगळ्यात जास्त वापरलेली. लग्नाआधी ताई घरात असून नसल्यासारखी होती, आणि लग्नानंतर धाकटीला काही सांगायचं झालं की ती सरळ म्हणायची, "भाऊजी, ताईला सांगा ना." भाऊजी सांगायचे. काम भागत होतं.

आज ती दोघं निघाली होती ताईच्या जुन्या ओळखीच्या घडीमावशींकडे. मावशी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहायच्या. बस जात होती, पण जॉबरने बसला नकार दिला. "बसमध्ये बसलं की माणूस खिडकीबाहेर बघत बसतो. मला जरा नीट विचार करायचाय," असं तो म्हणाला. एका तासाचं चालून झालं होतं, तेवढंच अजून बाकी होतं, आणि त्याने विचार काय केला याचा धाकटीला अजून पत्ता नव्हता.

त्याला जॉबर म्हणत ते त्याच्या कामावरून. कापडाच्या गिरणीत, मागांच्या खात्यात, छत्तीस वर्षं. माग अडला, धोटा अडकला, पट्टा तुटला की धावायचं ते जॉबरने. दोनशे माग एकदम चालत तिथे. दारातून पाऊल आत टाकलं की चांगल्या कानाचा माणूसही बहिरा व्हायचा, मग आत सगळेच हाताने बोलत. पाणी आलं, मास्तर येतोय, माझ्या मागावर जरा लक्ष ठेव, तुझी पाळी कोणती. सगळ्याला खुणा. अशा जागी सतरा वर्षांची बहिरी मुलगी कामाला लागली, तेव्हा आई गिरणीच्या फाटकाशी उभी राहून रडली होती की माझ्या मुक्या लेकराचं आत कसं होणार. आत तर लेकराचं राज्य! आयुष्यात पहिल्यांदा ताईला कोणापेक्षा काही कमी नव्हतं. महिन्याभरात तिने इतक्या नव्या खुणा काढल्या की जुने कामगार तिच्याकडून शिकायला लागले. तिचे हात म्हणून कधी थांबायचे नाहीत. खात्यात तिचं नाव पडलं रेडिओ. आणि जॉबर मुळातच घुमा, म्हणून त्याला मागून म्हणत मुका. मुक्याने रेडिओ घरी नेला, हा विनोद लग्नात दहा जणांनी केला आणि लोक दहाही वेळा हसले.

मूलबाळ झालं नाही. दोघांनी संसार केला आणि घरात एवढं बोलणं असायचं की शेजारी म्हणत, तुमच्या खिडकीवरच्या सावल्या बघून आमची करमणूक होते.

आणि दफनाच्या वेळी पाळकसाहेब कबरेपाशी उभे राहून म्हणाले होते, "आज आपल्या बहिणीचे कान उघडले आहेत. आज ती देवदूतांचं गाणं ऐकते आहे." मंडळीतल्या बायकांनी डोळे टिपले. धाकटीलाही केवढा आधार वाटला होता त्या वाक्याचा. तिने घरी येऊन ते एका कागदावर लिहून ठेवलं. एकटा जॉबर तेवढा, कोणीतरी त्याला चुकीचा पत्ता सांगावा तसा चेहरा करून उभा होता. त्यानंतरचे तिन्ही रविवार तो उपासनेला आला नाही.

तिसरा पूल दिसू लागला तसं धाकटीने धीर करून विचारलं, "भाऊजी, पाळकसाहेबांचं बोलणं लागलं का तुमच्या मनाला?"

"लागलं नाही. कळलं नाही."

"त्यात न कळण्यासारखं काय आहे? ताईचे कान उघडले."

"बरं, उघडले. मग आता ती तोंडाने बोलते का?"

"बोलत असेल."

"कुठल्या आवाजात?"

धाकटी एका खड्ड्याला वळसा घालून पुढे झाली.

"नाही, सांग ना," जॉबर म्हणाला. तो भांडत नव्हता, खरंच विचारत होता. "उद्या मी तिकडे गेलो आणि मागून कोणा बाईने हाक मारली, तर ती हीच हे मी ओळखायचं कसं? तिचा आवाज मी कधी ऐकलाय? आणि दुसरं, तिने जन्मात घड्याळाची टिकटिक ऐकलेली नाही. तिच्या कानावर पहिल्याच दिवशी सगळे देवदूत एकदम? दचकली असेल गं ती!"

धाकटीला हसू फुटलं. मग आपण हसलो याची लाज वाटून तिने ते खोकल्यात घातलं.

"पण ते राहू दे," जॉबर म्हणाला. "ते मी सोडून दिलं. त्याने कान दिले असतील तर ऐकायची रीतही दिली असेल. माझी अडचण ती नाहीच."

"मग कुठली?"

त्याने वाटेतला एक दगड पायाने बाजूला सारला. मग म्हणाला, "तू मला हसशील. किंवा रागावशील. दोन्हीतलं काय ते मावशींकडे पोचायच्या आत करून घे."

आणि त्याने सांगितलं ते असं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. मागावरून धोटा उडाला. धोटा म्हणजे बाण्याचं, म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणारी लाकडी होडीच, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. ती अणी ताईच्या तळव्यात शिरली, अगदी मधोमध. जखम भरली, वण राहिला. पट्टी निघाली त्याच आठवड्यात ती जॉबरच्या हत्यारांच्या पेटीतून काहीतरी काढायला गेली. पेटीच्या झाकणाला आतून प्रभूचं चित्र चिकटवलेलं होतं, वधस्तंभावरचं. ताई लहानपणापासून घरच्यांबरोबर उपासनेला जात होती, पण तिला कोणी कधी काही सांगितलं नव्हतं. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. ते चित्र तिने शंभरदा पाहिलं असेल, पण त्या दिवशी तिला त्यातले हात दिसले. तळव्यातले खिळे दिसले. तिने आपला तळवा चित्राशेजारी धरला, जॉबरकडे वळून बघितलं आणि विचारलं, "हा कुठल्या खात्यातला?"

धाकटी थांबली. "काय विचारलं?"

"कुठल्या खात्यातला. तिला वाटलं, गिरणीतलाच कोणी असणार. हाताला लागलंय म्हणजे."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"पलीकडे एक माग बंद पडला होता. दोन बाया हात हलवून बोलवत होत्या. मी म्हटलं, वरच्या." त्याने खूण करून दाखवली. डावा तळवा उताणा, त्यावर उजवा पालथा, मग उजवा पुन्हा उलटा, कापडाची घडी घालावी तसा, आणि शेवटी एक बोट वर. "ही खूण आमच्याकडे आधीपासून होती. वरच्या मजल्यावर घडी खातं होतं ना. खाली विणलेलं कापड वर जायचं, तिथे तपासून घड्या घालत. वरच्या खात्यातला आहे असं सांगितलं आणि धावलो."

"आणि नंतर? नंतर नीट समजावलंत की नाही?"

"समजावत गेलो की! पण त्याच खुणेवर. दुसरी आणायची कुठून? प्रभू वर असतो. चांगली माणसं मेली की वर जातात. तुझी आई गेली तेव्हा म्हटलं, वर गेली, प्रभूकडे. ती मान हलवायची. मला वाटायचं, कळलं. चाळीस वर्षं मला वाटत होतं की कळलं."

"कळलंच असणार, भाऊजी."

"ऐक पुढे. हॉस्पिटलात, शेवटच्या दुपारी. डॉक्टर मला बाहेर बोलावून सांगून गेले. मी आत आलो आणि मनाशी म्हटलं, आता लपवायचं नाही. मी तिला सांगितलं, तू वर जाणार. प्रभू आहे तिथे. तिचा चेहरा असा उजळला, धाकटे! आणि तिने मनगटावर दोन बोटं वाजवली." त्याने स्वतःच्या मनगटावर वाजवून दाखवली. "गिरणीत याचा अर्थ एकच. पाळी कोणती?"

धाकटीने नकळत आपल्या मनगटाकडे बघितलं.

"तिने तीनदा अर्ज केला होता वरच्या खात्यात बदली मिळावी म्हणून. तिन्ही वेळा नाकारला. ती बदली झाली असं समजून गेली, धाकटे. मी तिला देवाकडे म्हणून पाठवलं आणि ती घडी खात्यात गेली."

"असं कसं म्हणता? मनगट म्हणजे 'केव्हा' असंही असेल. केव्हा जायचं, असं विचारलं असेल तिने."

"आमच्याकडे 'केव्हा' म्हणजे पाळीच. दुसरं 'केव्हा' नव्हतं आमच्याकडे."

धाकटी वीस वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवत होती. अशा वेळी काय म्हणायचं ते तिला पाठ होतं, आणि ती म्हणालीही, "देव समजून घेतो, भाऊजी. तिचं मन त्याला कळत होतं."

"त्याला कळलं असेल," जॉबर म्हणाला. "मला कळायला नको? तिला सांगणारा मी एकटा होतो. पाळक नाही, पुस्तक नाही, आई नाही, तू नाहीस." हे त्याने इतक्या साधेपणाने म्हटलं की धाकटीला लागलं ते दहा पावलं पुढे गेल्यावर. "मी सांगेन तेवढंच तिचं ज्ञान. मी चुकीचं सांगितलं असेल, तर तिने विश्वास ठेवला तो कशावर? ती गेली ती कुठे जायचं म्हणून? एवढं कळलं तर मी रविवारी येऊन बसेन. नाहीतर सगळे 'स्वर्गात' म्हणतात तेव्हा मी कुठल्या तोंडाने आमेन म्हणू? माझ्या डोळ्यांपुढे टेबलं येतात गं. कापडाची टेबलं."

म्हणून मावशींकडे. घडी खात्यातली सगळी टेबलं मावशींच्या हाताखाली होती आणि ताई रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्रेचाळीस पायऱ्या चढून त्यांच्याकडे जायची. तिची भाषा कळणारं जॉबरखेरीज दुसरं जिवंत माणूस म्हणजे त्या एकट्याच.

वाटेत गिरणी लागली. मागांच्या खात्यात आता कोणीतरी सोफे आणि कपाटं विकायला मांडली होती. वरच्या मजल्याच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. जॉबरने वर बघितलं नाही. धाकटीने बघितलं, आणि मग तिलाही ते बघवेना.

मावशी तळमजल्यावरच्या एका खोलीत खिडकीशेजारी पलंगावर बसल्या होत्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या, वाळून काडी झालेल्या, पण हात चालू. मांडीवर एक टॉवेल होता. त्याची घडी घालायच्या, तळव्याने दाबायच्या, उलगडायच्या, पुन्हा घालायच्या.

"सकाळपासून सतरावी वेळ," त्यांची सून दार उघडता उघडता म्हणाली. "इस्त्रीचा खर्च वाचतो म्हणा."

मावशींनी डोळे बारीक करून बघितलं. "कोण, मुका? ये रे, ये! आणि रेडिओ कुठाय?"

सुनेचा हात दाराच्या कडीवरच राहिला. मावशींना कळवलं होतं, सुनेने सांगितलंही होतं. पण वयापुढे कोणाचं काय चालतं? आणि सून काही बोलायच्या आत जॉबरचे हात आपोआप उठले. समोर मावशी, म्हणजे गिरणीतलं माणूस. तोंडाऐवजी हातच पुढे आले. तळव्यावर तळवा, घडी, वर बोट.

"वर होय?" मावशी निर्धास्तपणे म्हणाल्या. "माझ्या खात्यात? मग बस. डबा खाऊन येईल."

जॉबर तिथल्या तिथे खुर्चीवर बसला. ज्या उत्तरासाठी तो दोन तास चालत आला होता ते दारातच मिळालं होतं. मावशींनाही ती खूण घडी खातं म्हणूनच कळली होती. धाकटी पुढे झाली. तिने पलंगावर टेकून मावशींचा हात धरला आणि सरळ सांगितलं, "मावशी, ताई वारली. तीन आठवडे झाले."

मावशींचे हात थांबले. त्यांनी टॉवेल चारी कोपरे जुळवून हळूहळू बाजूला ठेवला. "हो, हो," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतं हिने. माझ्या लक्षात कुठलं राहायला." मग खिडकीकडे वळून म्हणाल्या, "पहिल्यांदा वर आली तेव्हा माझ्या खात्यातल्या पुरुषांना काय पळवलं होतं तिने!"

"पळवलं?"

"डबाबिबा काही नव्हता त्या दिवशी. थेट आत आली आणि पुरुषांचे हात बघत सुटली. माझ्याकडे तेव्हा सहा जण. एकेकापुढे जायची, मनगट धरायची, मूठ उघडायची, तळव्याच्या मध्यावर अंगठा फिरवायची आणि द्यायची सोडून. चला, पुढचा! मुकादमाला वाटलं, भविष्य बघते. तो म्हणतो, बाई, बढती कधी ते बघ ना जरा. आणि कापड तपासायला एक लाजरा पोरगेला माणूस होता, त्याचा हात धरला तर त्याचे कान असे लाल! मी ओरडले, अगं, काय हरवलंय तुझं? तर आपला तळवा दाखवते. मला काय कळणार?"

जॉबर खुर्चीच्या कडेवर आला होता. "केव्हा, मावशी? केव्हाची गोष्ट ही?"

"तिला धोटा लागला ना, त्यानंतरची. पट्टी नुकतीच निघाली होती."

जॉबरने धाकटीकडे बघितलं. धाकटीने जॉबरकडे. ताई प्रभूला शोधायला गेली होती. भर सुट्टीत, त्रेचाळीस पायऱ्या चढून. नवऱ्याने सांगितलं होतं, वरच्या खात्यातला आहे, म्हणून भेटायला गेली होती.

"मग?" जॉबर म्हणाला. "सापडला का तिला?"

"कोण सापडायचा?"

"तो... ज्याला शोधत होती तो."

"मला काय ठाऊक बाबा? आठ-दहा दिवस आली, नवा कोणी दिसला की त्याचा हात बघायची. मग सोडलं तिने हात बघणं."

"सापडला म्हणून सोडलं, की सापडला नाही म्हणून?"

"ते तू तिला विचारायचं होतंस," मावशी म्हणाल्या. "तुझी बायको."

सुनेने चहा आणून ठेवला. तो तसाच निवत राहिला.

"यायची मात्र बंद झाली नाही हं," मावशी स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलू लागल्या. "कामावर होती तोवर रोज. मी एकदा विचारलं, एवढे जिने कशाला चढतेस गं? तर तिने टेबलावर असा तळवा ठेवला. मला म्हणाली, तू पण ठेव. ठेवला. काही नाही! खाली तुमची जमीन थरथरायची ना मागांनी, दातांपर्यंत यायचं. वर काही नाही. तशीच हात ठेवून बसायची. डबा अर्धा राहायचा. आणि बाकावर शेजारी जागा ठेवायची. मला वाटायचं, माझ्यासाठी. पण मी बसले की अजून सरकायची, अजून एकाची जागा राहीलशी."

"प्रार्थना करत असेल," धाकटी हळूच म्हणाली.

"डोळे उघडे असायचे तिचे," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी टॉवेल पुन्हा मांडीवर घेतला.

निघताना सून दारापर्यंत आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "फार मनावर घेऊ नका हं. येईल त्याला काहीतरी जुनं सांगतात. परवा मीटर बघायला आलेल्याला म्हणाल्या, तू माझ्या तिसऱ्या टेबलावर होतास. तोही बिचारा हो म्हणाला."

दोघं परत निघाली. जॉबरच्या मनात काय चाललंय ते त्याच्या पावलांवरून कळत होतं. दोन पावलं झपझप, मग एकदम सावकाश, मग पुन्हा झपझप. आपण त्याला बरं वाटेलसं काहीतरी बोलावं, असं धाकटीला फार वाटत होतं, पण नक्की कशाबद्दल बरं वाटायचं हे तिलाच धड कळेना. बाई देवाला शोधायला देवाच्या नावाने भलत्याच माळ्यावर गेली. यावर रडायचं का हसायचं? आणि ती चुकली असं तरी कसं म्हणायचं? धाकटी स्वतः इतकी वर्षं दर रविवारी उपासनेला जात होती. तिने कधी कोणाचा हात उघडून बघितला नव्हता.

गिरणीची भिंत संपली तिथे ती एकदम थांबली.

"भाऊजी! पाळकसाहेबांचा हात."

"काय त्याचं?"

"हॉस्पिटलात ते प्रार्थना करायला आले होते बघा. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात. त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला, तर तिने तो धरून खाली ओढला. उलटा केला. बघितला. आणि सोडून दिला. मला वाटलं, तिला त्रास होतोय. मी पाळकसाहेबांची माफी मागितली वर!"

जॉबर उभाच राहिला. एक सायकलवाला घंटी वाजवत त्याच्या बाजूने गेला, त्याचंही त्याला भान नव्हतं.

"म्हणजे तिने सोडलं नव्हतं," तो म्हणाला. "म्हणजे शेवटपर्यंत तिला तो सापडला नव्हता."

"म्हणजे शेवटपर्यंत ती शोधत होती, भाऊजी."

"एकच झालं ना ते?"

"एकच कसं होईल?"

"मला तर एकच वाटतं."

"मला नाही वाटत," धाकटी म्हणाली खरी. पण का वाटत नाही ते नीट मांडायला गेली तर शब्द सापडेना. शेवटी तिने मुलांना सांगतात तसं सांगितलं. "हे बघा. प्रभू उठल्यावर आपल्या माणसांकडे आला, तेव्हा त्यांनासुद्धा पटलं नाही की हा तोच. बोलून पटलं नाही. मग त्याने हात दाखवले. वण तसेच होते. उठल्यावरसुद्धा त्याने ते ठेवले होते."

"हात दाखवले?"

"हो."

"म्हणजे हाताने सांगितलं."

"तसं नाही हो, खिळ्यांचे वण दाखवले..." आणि ती मध्येच थांबली, कारण तसं नाही तर मग कसं, हेही तिला सांगता येईना. "तिला आता कोणाची मूठ उघडून बघायला लागणार नाही, भाऊजी. तिकडे तो आपणहून हात पुढे करेल. आणि तिला ते बाकी कोणापेक्षाही लवकर कळेल."

जॉबरने हे ऐकलं. "तुला खात्री आहे?"

"विश्वास आहे."

"म्हणजे काय? दाखव."

"काय दाखवू?"

"विश्वास. हाताने."

धाकटीने पिशवीसकट हात थोडे उचलले. छातीशी नेले. मग वर. मग ते कुठे न्यायचे ते न कळून खाली सोडले. एवढ्यात तिला उमगलं की या माणसाने चाळीस वर्षं रोज हे केलं होतं, भांडी घासता घासता, चालत्या मागांमध्ये, आणि त्याला विचारायला कोणी नव्हतं.

रस्त्याकडेला एका बंद दुकानाची पायरी होती. जॉबर तिच्यावर जाऊन बसला आणि त्याने तिलाही समोर उभं राहायला खुणावलं. तिच्या हातातली पिशवी घेतली, काखेतली छत्री घेतली, दोन्ही आपल्या पायाशी ठेवली.

"धाकटे, माझं एक काम कर," तो म्हणाला. "मी कधी उपासनेला गेलेलो नाही असं समज. देव हा शब्द मला माहीत नाही, पाळक माहीत नाही, मला ऐकू येत नाही. मला स्वर्ग सांग. तोंड उघडायचं नाही, नुसते हात."

"मला खुणा येत नाहीत, भाऊजी."

"मला तरी कुठे येत होत्या? तू सांग. मला काय कळतं ते मी मोठ्याने बोलत जाईन, म्हणजे तिला काय कळलं असेल ते दिसेल. आणि मला चुकीचं कळलं तरी मध्ये थांबवू नकोस मला. तिला कोणी थांबवलं नव्हतं."